ब्रह्मदेशचा राजा, शनिवारचे तेली आणि सड्यावरचा हत्ती

रत्नागिरीच्या एसटी स्टँडबाहेर रिक्षात बसून ‘थिबा पॅलेस’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. रिक्षा चढाला लागते. त्या रस्त्यावर दवाखाने आहेत, क्लासेस आहेत, बिल्डरांच्या फलकांवर ‘थिबा पॅलेसपासून पाच मिनिटांवर’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. संध्याकाळी माणसं थिबा पॉइंटवर जाऊन खाडीवरचा वारा खातात. हे नाव रत्नागिरीकरांच्या तोंडात इतकं बसलंय, की तो कोण, कुठला आणि आपल्या गावात काय करत होता, हे विचारायचं राहूनच जातं.

मला कोकणाबद्दल सगळ्यात नवल वाटतं ते याचंच. जगाच्या इतिहासातल्या एकाहून एक अजब गोष्टी या किनाऱ्याला येऊन लागल्या आणि इथल्या माणसांनी त्या इतक्या सहज घरात घेतल्या, की त्या अजब आहेत हे पुढच्या पिढ्या विसरूनच गेल्या. ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ अशा मथळ्याचे मेसेज सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर येऊन पडलेले असतात. इजिप्तच्या मांजरी, पेरूच्या वाळवंटातल्या आकृत्या, जपानमधलं आणखी काही. मी ते आवडीने वाचते. पण त्यात चौल, नवगाव, सावंतवाडी कधी नसतात. विजयदुर्ग असतो, तर त्याची गोष्ट चुकीची सांगितलेली असते. हे मला मनापासून लागतं, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

सुरुवात थिबापासूनच करते. हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि या तरुण राजाला राणी सुपयालतसकट देशाबाहेर काढलं. आधी मद्रासला, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला. तेव्हा त्याचं वय सत्तावीस. रत्नागिरीच का, याचं उत्तर नकाशात आहे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वेचा पत्ता नाही, आणि पावसाळ्यात दर्या खवळला की बोटीही बंद. राजाला जगापासून तोडून ठेवायचं तर याहून सोयीची जागा मिळाली नसती. याच इंग्रजांनी १८५८ मध्ये दिल्लीच्या बहादूरशहा जफरला उचलून रंगूनला नेऊन ठेवलं होतं, आणि १८६२ मध्ये तो तिथेच वारला. आपला बादशहा त्यांच्या मातीत आणि त्यांचा राजा आपल्या मातीत. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन वाक्यं एकाखाली एक छापली असती, तर साम्राज्य म्हणजे काय हे आम्हाला शाळेतच कळलं असतं.

आज आपण तिकीट काढून बघतो तो वाडा थिबाला लगेच मिळाला नाही. चोवीस वर्षं तो इतर बंगल्यांतून राहिला. वाडा पुरा झाला १९१० मध्ये. अर्धगोल लाकडी खिडक्या, त्यांतल्या रंगीत काचा, उतरतं छप्पर, वरच्या मजल्यावरून दिसणारी भाट्याची खाडी. खाडीपलीकडे समुद्र, आणि त्या समुद्रावाटे घरी जायची परवानगी नाही. सहा वर्षं तो या वाड्यात राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये गेला. धाकटी राणी सुपयागले त्याच्या आधी, १९१२ मध्ये गेली होती. दोघांना शेवटी १९१९ मध्ये रत्नागिरीतच एका जागी पुरलं. ती समाधी शिवाजीनगरच्या वस्तीत आहे, भोवताली घरं आहेत, गाड्या लावलेल्या असतात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपुढे येऊन उभे राहिले. रत्नागिरीने त्या दिवशी आपल्याच गावाकडे जरा नव्याने पाहिलं असेल.

राजापेक्षाही त्याच्या नातीची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. थोरल्या राजकन्येचा वाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांवर जीव जडला. त्यांची मुलगी टुटू. १९१९ मध्ये सुपयालत आणि बाकीचे ब्रह्मदेशात परतले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टुटू रत्नागिरीत वाढली, मराठी बोलत मोठी झाली, लग्न इथेच केलं, गरिबीत पोरंबाळं वाढवली आणि २००० मध्ये रत्नागिरीतच गेली. मंडालेच्या सिंहासनाची नात आपल्यासारखीच बाजारहाट करत, आपल्यासारखीच पावसाला वैतागत या गावात उभं आयुष्य राहिली. तिला कुणी परकं मानलं नाही हे रत्नागिरीचं मोठेपण. आणि तिच्या हयातीत तिच्याकडे बसून तिच्या आठवणी उतरवून घ्यायला फार थोडी माणसं गेली, हेही खरं.

आता अलिबाग. माझी मावशी तिथली. तिच्या माहेरी शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांपैकी, कुटुंब होतं. त्यांच्या घरची आजी नऊवारी नेसायची, गळ्यात मंगळसूत्र, आणि मासळीवाली दारात आली की ओट्यावर बसून पाटी निवडायची. बांगडे, सरंगा, हलवा तिच्या ताटात पडायचे. कोलंबी, खेकडे, तिसऱ्या यांना ती हात लावायची नाही. ‘आमच्यात चालत नाही गं बाय,’ एवढंच म्हणायची. ज्या किनाऱ्यावर कोलंबीवाचून श्रावण संपल्यासारखं वाटत नाही, तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोलंबी न खाता राहिलेली ही माणसं. कारण त्यांच्या धर्मग्रंथात लिहिलंय, की पाण्यातलं खायचं ते पर आणि खवले असलेलंच.

गंमत ही, की त्यांच्याकडे तो ग्रंथच नव्हता. परंपरा अशी सांगते, की फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष नि सात बायका वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेतं नवगावातच पुरली; ती जागा आजही आहे, तिथे स्मारक आहे. वाचलेल्यांची पोथ्या-पुस्तकं सगळी समुद्रात गेली. मग ही माणसं अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या किनारपट्टीवरच्या गावांत, पसरली, तेलाचे घाणे घालू लागली, मराठी बोलू लागली, आणि ज्या गावात राहिली त्या गावाचं आडनाव लावू लागली. केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चौलकर. हिब्रू विसरली. ‘शेमा इस्रायल’ ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यातली बंधनं आणि शनिवारची सुट्टी एवढंच उरलं. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. बाकी चौकशी गावाने केली नाही.

पुढे कोचीनच्या बाजूने दावीद राहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ आले. ते केव्हा आले यावर अभ्यासकांत वाद आहेत. कथा मात्र घराघरांत एकच सांगतात. हे लोक खरंच ज्यू आहेत का, याची परीक्षा घ्यायला त्यांनी इथल्या बायकांपुढे मिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांची मासळी निवडली आणि बाकीची बाजूला सारली. शेकडो वर्षांत भाषा गेली, ग्रंथ गेले, गावाचं नाव गेलं. बाईच्या हातातली मासळीची निवड तेवढी शिल्लक होती, आणि तीच ओळख पटवायला पुरी पडली. मी वाचलेल्या आणि ऐकलेल्या इतिहासात याच्या तोडीची कथा मला दुसरी माहीत नाही. ती अक्षरशः घडली की नाही हा प्रश्न माझ्यासाठी दुय्यम आहे. पिढ्यांनी ती जपून सांगितली, कारण स्वतःबद्दल त्यांना जे खरं वाटत होतं ते तीत आहे.

त्यांच्या सणांची नावं ऐकावीत. रोश हशाना, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, तो नव्याचा सण. योम किप्पूरला दारं लावून, पांढरं नेसून, कडक उपास करायचा, म्हणून दारफळणीचा सण. एक खिरीचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या सुतकाचा जो दिवस, त्याआधी मटण-मांस वर्ज्य असायचं, म्हणून त्या दिवशी मोड आलेल्या वालांचं बिरडं. झाला बिरड्याचा सण! दोन हजार वर्षांपूर्वी रोमन फौजांनी पाडलेल्या मंदिराचं दुःख अलिबागच्या माजघरात वाल सोलत साजरं झालं. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हाही त्यांचा नियम. तो पाळायला कोकणात काहीच त्रास पडला नसेल, कारण इथे रश्शाला नारळाचा रस असतोच.

मावशीला आठवतो तो त्यांचा मलिदा. नवस फेडायचा असो, लग्न असो की नवीन घर असो, एलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या नावाने मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे. परातीत शीग लावून भोवती फळांच्या फोडी. प्रार्थना हिब्रूत, नंतरच्या गप्पा मराठीत. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या नि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. तो पैगंबर रथात बसून स्वर्गात गेला आणि वाटेत कोकणात टेकला, अशी श्रद्धा. राम वनवासात जिथे जिथे थांबला त्या जागा आपण दाखवतो, पांडवांची लेणी दाखवतो. शनिवार तेल्यांनी आपल्या पैगंबराला तीच रीत लावली.

१९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. तिथे त्यांचं ज्यू असणंच काहींना शंकास्पद वाटलं, लग्नांना अडथळे आले, तेव्हा ही एरवी शांत माणसं आंदोलनाला बसली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला सांगावं लागलं, की बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू आहेत. नवगावच्या बायकांची परीक्षा दुसऱ्यांदा झाली आणि दुसऱ्यांदाही ही माणसं तीत उतरली. आता अलिबागच्या इस्रायल आळीत कुलूपबंद घरं जास्त. सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, उभं आहे.

याच पट्ट्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई. किल्ला बघायला सगळे जातात. पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीतल्या घरांत कान दिला तर वेगळंच बोलणं ऐकू येतं. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल-कोर्लई सोडून गेले, पण शब्द मागे ठेवून गेले. त्या शब्दांची वाक्यातली बसण्याची जागा मात्र मराठीने ठरवली. क्रियापद शेवटी, आपल्यासारखं. जगात ही भाषा या एका गावातच बोलली जाते. नवी पिढी शाळेत मराठी शिकते, पुढे मुंबईला जाते. अजून किती वर्षं ती टिकेल याची मला काळजी वाटते, कारण किल्ल्याची पडझड दिसते तरी, भाषेची कुणाला दिसत नाही.

चौलला तर कोण आलं नाही? इसवी सन ९१५-९१६ च्या सुमाराला अल-मसूदी हा अरब प्रवासी येऊन गेला. १५०८ मध्ये इथल्याच बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं. पण माझा आवडता माणूस अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी चौलच्या धक्क्यावर उतरला, विकायला एकच घोडा घेऊन. गोरा माणूस म्हणून लोक त्याच्या मागे मागे फिरत, आणि त्याला नवल वाटे इथल्या लोकांच्या उघड्या अंगांचं. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला. मुसलमान हो, नाहीतर घोडाही गेला आणि वर दंड भर. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली करून त्याला सोडवलं. परतीच्या वाटेवर, घर गाठायच्या आधीच तो वारला, पण त्याची वही मॉस्कोला पोचली. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. एका घोड्याच्या भरवशावर हजारो मैल आलेला हा माणूस आमच्या शाळेच्या पुस्तकात असायला हवा होता.

आणि जंजिरा. किल्ला अजिंक्य, हे सगळे सांगतात. किल्ल्याच्या धन्यांचे पूर्वज आफ्रिकेतल्या हबशाणातून आले होते, हेही सांगतात, पण घाईने. जरा थांबून बघा. आफ्रिकी वंशाच्या राजांचं संस्थान कोकणात १९४८ पर्यंत नांदलं. १६८९-९० मध्ये सिद्दी याकूतखानाने मुंबईला वेढा घालून ईस्ट इंडिया कंपनीला किल्ल्यात कोंडून ठेवलं होतं. इंग्रजांना औरंगजेबापुढे नाक घासून दीड लाख रुपये दंड भरावा लागला, तेव्हा वेढा उठला. पुढे ज्यांचं राज्य अर्ध्या जगावर गेलं, त्यांना मुंबईत कोंडणारा सरदार मूळचा आफ्रिकेचा. गाइड दरवाजावरचं शिल्प, पंजांत हत्ती दाबलेला वाघ, दाखवतो आणि तोफांकडे वळतो. याकूतखानाबद्दल त्याला विचारावं. चांगला गाइड असेल तर पुढचा अर्धा तास तो तोफा विसरतो.

सावंतवाडीची गंजिफा तेवढी सांगून पुढे जाते. पत्त्यांचा हा खेळ इराणकडून मोगल दरबारात आला. इथे येऊन तो दशावतारी झाला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण १२० गोल पत्ते. दिवसा खेळायला बसलात तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री बसलात तर कृष्णाच्या. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही चितारी मंडळी मान खाली घालून बारीक ब्रशने मासा, कासव, वराह रंगवताना दिसतात. सत्त्वशीलादेवी आणि शिवरामराजे भोसल्यांनी वेळेवर हात दिला नसता तर ही कला आज काचेच्या कपाटात असती.

आता विजयदुर्ग, आणि ती चुकीची गोष्ट. मेसेज असा फिरतो: हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्ग किल्ल्यावर सर नॉर्मन लॉकयर यांनी लावला. दरवर्षी त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो, भाषणं होतात, मुलं येतात. मुलं येतात याचा मला आनंदच आहे. पण त्या दिवशी लॉकयर, हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ, भारतात नव्हते. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण बघायला फ्रान्सचे जान्सन गुंटूरला होते, आणखी काही जण जमखंडी, मच्छलीपट्टणम अशा ठिकाणी. सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या उजेडात, एक पिवळी रेषा त्यांतल्या अनेकांना दिसली. जान्सनना त्या दिवशी आणखी एक उमगलं, की या ज्वाळा बघायला ग्रहणाची गरजच नाही. लॉकयरनी ते इंग्लंडमध्ये बसून ऑक्टोबरमध्ये स्वतंत्रपणे करून दाखवलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, आणि फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक पाडलं. ती पिवळी रेषा पृथ्वीवर माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही असं लॉकयर म्हणत राहिले; कित्येकांनी ते मानलं नाही. १८९५ मध्ये रॅम्झेंनी तोच वायू, हेलियम, एका खनिजातून काढला आणि वाद मिटला.

मग विजयदुर्गाचा काय संबंध? तर २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण होतं, आणि त्याचा पट्टा नेमका आपल्या किनाऱ्यावर विजयदुर्गावरून चढत होता. तेव्हा लॉकयर स्वतः आले. दुर्बिणी, वर्णपटाचे कॅमेरे, सगळं बोटीने. माणसं कमी पडू नयेत म्हणून ‘मेल्पोमिनी’ या लढाऊ जहाजावरच्या खलाशांना त्यांनी कामं वाटून दिली, पुन्हा पुन्हा तालीम घेतली. कारण खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात ज्याचं त्याचं काम झालं नाही तर सगळा खटाटोप फुकट. किल्ल्यात जे साहेबाचे ओटे दाखवतात ते याच मोहिमेच्या आठवणीचे. डोळ्यांपुढे आणून बघा: तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला, जो १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तोफा डागून घेतला, तिथे दीडशे वर्षांच्या आत त्याच आरमाराचे खलाशी हातात पेन्सिल आणि कागद घेऊन काळ्या पडलेल्या सूर्याकडे बघत उभे आहेत. हेलियमचे वडील स्वतः किल्ल्यात आहेत, त्यांचं म्हणणं जगाने नुकतंच मान्य केलेलं आहे. या खऱ्या गोष्टीत फुगवलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त आहे. मुलांना हीच सांगावी.

अलिबागची वेधशाळाही अशीच दुर्लक्षित. समुद्रकिनाऱ्याला लागून झाडीत आहे, बाहेरून सरकारी कचेरीसारखी दिसते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी मुंबईला कुलाब्यात १८४१ पासून सुरू होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या स्फोटाने पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ आलं, युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, त्या वादळाची उत्तम नोंद कुठे सापडावी? कुलाब्यात. भिंगातून बघून हाताने लिहून ठेवलेले आकडे. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी ते पुन्हा तपासले आणि त्यांवरून त्या वादळाचा जोर काढला. जगाने आजवर मोजलेलं सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ ज्यांनी टिपलं, त्या मुंबईच्या मदतनिसांना आपण काय लिहितो आहोत याची कल्पना असणार नाही. त्यांनी फक्त काट्यावरची नजर हलू दिली नाही.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. वीज आली म्हणजे मोजणीच्या चुंबकसुया नाचणार. तेव्हा नानाभाई मूस यांनी वेधशाळा अलिबागला हलवली. १९०४ मध्ये ती चालू झाली. इमारतीत लोखंड चालणार नव्हतं, म्हणजे खिळे, बिजागऱ्या, कड्या सगळं तांब्या-पितळेचं. आणि इथला दगड? काळा कातळ चुंबकाला ओढ लावतो, जांभा तर लोखंडानेच लाल झालेला. म्हणून दगडही पोरबंदरहून आणला! कोकणात घर बांधायला बाहेरून दगड आणावा लागला, याचं कारण आपला दगड किती अवलिया आहे, हे.

तो किती अवलिया आहे हे बघायचं तर राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जावं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळात खोदलेली शेकडो चित्रं आहेत. बारसू, उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, कशेळी, कुडोपी. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब, तेरा मीटर उंच, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. कुठे पाकट मासा, कुठे मोर, कुठे डोकं नसलेला माणूस. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस. कुठे गेंडा आणि पाणघोडा, जे आज कोकणात नाहीतच. पाणघोडा तर भारतातून हजारो वर्षांपूर्वीच गेला. काढणाऱ्याने ते पाहिले असतील तर तो काळ किती मागचा! सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी नोकरी-धंदा सांभाळून, उन्हातान्हात सडे पालथे घालत गेले, म्हणून यांतली कितीतरी चित्रं उजेडात आली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत या जागांचं नाव लागलं.

देवाचे गोठणेच्या सड्यावर एक मनुष्याकृती कोरलेली आहे. आम्हाला तिथे नेणारे गावातले काका पायताण काढून कडेला उभे राहिले. ‘पांडवांनी काढलंय ते, एका रात्रीत,’ म्हणाले, आणि खिशातून होकायंत्र काढून माझ्या हातात दिलं. कातळावर ठेवलं तर उत्तर एकीकडे. हातभर सरकवलं तर उत्तर दुसरीकडे. पायांजवळ वेगळं, डोक्याजवळ वेगळं. सुई थरथरायची, थांबायची, आणि ठामपणे भलतीच दिशा दाखवायची. मी किती वेळ तिथे उकिडवी बसून ते सरकवत होते कोण जाणे. काढणाऱ्याने ही जागा मुद्दाम निवडली की योगायोग, हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘बाय, आम्ही इथे गुरं चारतो. गुरांना काय होत नाही.’

त्यांना काळजी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. जांभ्याला भाव आहे. चिरेखाण सड्यावर लागली की कटर फिरतो आणि चौकोनी चिरे निघतात, त्यावर काय कोरलंय हे बघायला कुणी थांबत नाही. कुठल्या गावात असं एखादं चित्र गेल्याचं नंतर कळतं, तोवर ते कुणाच्या तरी कुंपणात चिरे होऊन बसलेलं असतं. त्यांच्या वाडीतल्या माणसांनी म्हणून चित्राभोवती गडग्यासारखे दगड रचून हद्द केली आहे, जमीनमालकाने त्याला ना म्हटलेलं नाही. सरकारी फलक त्यानंतर लागला.

जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात सडा फुलांनी भरतो, तो बघण्यासारखा असतोच, पण चित्रांवर गवत आणि पाणी असतं. सकाळी लवकर किंवा चारनंतर, ऊन तिरपं असताना रेषा उठून दिसतात; भर दुपारी पायाखाली चित्र असूनही दिसणार नाही. गावात आधी विचारा, वाडीतला माणूस सोबत घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. पाणी न्या, सड्यावर सावलीला झाड नसतं. खडूने रेषा रंगवून फोटो काढू नका, चित्रावरून चालू नका, कडेने फिरा. आणि मोबाइलमधल्यावर भागवू नका, साधं सुईचं होकायंत्र बरोबर ठेवा.